थांब म्हणायची खूण

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र काल दुपारी आलं आणि मी इतकी हरखून गेले की चहात साखरेऐवजी मीठ घातलं. वर तो चहा तीन नंबरच्या खोलीतल्या पाहुण्यांना नेऊन दिला. सभ्य माणसं, अर्धा अर्धा कप प्यायली बिचारी. मग त्यातल्या बाईंनी हळूच विचारलं, "आजी, इथलं पाणीच खारं आहे का हो?" मी म्हटलं, पाणी गोडं आहे, माझी नात येणार आहे म्हणून आज असं झालंय. तुझी आई दारात उभी राहून हसत होती. ती आता लॉजवाली बाई झाली आहे, पाहुण्यांसमोर मोठ्याने हसत नाही, नुसते खांदे हलतात.

दोन वर्षांनी तू या घरात पाऊल टाकणार! तुझ्या त्या समुद्राच्या खात्यातले साहेब लोक बरोबर असतील, शाळेच्या हॉलमध्ये सभा होईल, आणि आपल्या घराखालचं, खडकांच्या आतलं पाणी थंडीचे तीन महिने बोटींना बंद करायचं की नाही ते शुक्रवारी तिथे ठरेल. मला सगळं ठाऊक आहे गं. गावात दुसरा विषयच नाही. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली माणसं उठून भांडतात. तू एका बाजूने बोलणार आणि तुझा बाबा समोरून, सगळ्या बोटवाल्यांच्या वतीने, हेही ठाऊक आहे. बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत ते नाहीत, आणि आता बोलणार ते थेट माइकवरून. तरी मला आनंद झाला. आनंदाला काय, त्याला कुठे अक्कल असते.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. माझी शाळा दुसरीत सुटली, पुढचं जे काय येतं ते तुझ्याबरोबर शिकले. तू पहिलीत होतीस आणि मी तुझ्या शेजारी बसून तुझ्याच पाटीवर गिरवायचे. तुला बाई लाल खूण द्यायच्या आणि मला तू द्यायचीस. 'आजी, तुझा क लंगडतो' म्हणायचीस. अजून लंगडतो. तुझ्या आईला वाटतंय मी धोब्याची यादी करते आहे. एवढी मोठी यादी बघून ती मघाशी म्हणाली, गावभरचे कपडे आपल्याकडे आले की काय. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मी तुझ्याशी एकदा जे बोलले ते धड बोलले नाही, तेव्हापासून फोन हातात घेतला की माझा माझ्यावरच भरवसा राहत नाही. त्याचं सांगते पुढे. आधी चांगलं चांगलं सांगू दे.

ऑपरेशन झालेला डोळा आता छान आहे. उजव्या डोळ्याने आता मला दीपस्तंभाच्या पायऱ्या मोजता येतात. डावा आळशी आहे, तो तुझ्या आजोबांवर गेलाय. लॉज भरलेलं असतं. पाचही खोल्या. माणसं मजेशीर येतात. एकाने विचारलं, देवमासा सकाळी नाश्त्याआधी दिसतो की नंतर? तुझ्या आईने तोंड अगदी सरळ ठेवून सांगितलं, नाश्ता आठ ते दहा असतो, देवमाशाची वेळ आम्ही ठरवत नाही. आणि एक म्हातारे गृहस्थ आले होते, त्यांची बायको नुकतीच गेली होती. दोघांनी मिळून यायचं ठरवलं होतं म्हणे. ते तुझ्या बाबाच्या बोटीतून जाऊन आले आणि गच्चीवर माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "त्याने माझ्याकडे पाहिलं हो आजी." मग तासभर समुद्राकडे बघत बसले. मी लसूण सोलत बसले. अशी माणसं येतात म्हणून सांगते, येऊ नयेत असं मी कधी म्हणणार नाही. माझ्या लहानपणी देवमासा वाहून आला की माणसं सुरे आणि पिंपं घेऊन धावायची, तेलासाठी. आता कॅमेरे घेऊन धावतात. मला कॅमेरे चालतात.

तुला आठवतं का, तू आकडे कसे शिकलीस? बाईंनी नाही शिकवले, देवमाशाने शिकवले. तू माझ्या मांडीवर, आपण दोघी खिडकीत. फवारा दिसला की तो खाली जायचा आणि तू मोजायला लागायचीस. पुन्हा वर येईपर्यंत. शंभराच्या पुढे तुला येत नव्हतं तेव्हा तू परत एकपासून सुरू करायचीस आणि बोट दुमडून ठेवायचीस. चार बोटं दुमडली तर मोठा नर. आणि आईबरोबर पिल्लू असेल तर एकही बोट दुमडायच्या आत ते वर यायचं, कारण पिल्लाला दम धरता येत नाही. आधी आईचा मोठा श्वास, मग पिल्लाचा, एवढुसा, कुणी फुंकर घालून दिवा विझवावा तसा. तू तो आवाज करून दाखवायचीस आणि गालभर थुंकी उडवायचीस. आज तुझ्या खात्यात मोठाली यंत्रं लावून तुम्ही तेच मोजता असं तू एकदा सांगितलंस तेव्हा मी आठवडाभर गावात मिरवत होते.

आता कामाचं सांगते. तू घर सोडून शिकायला गेलीस त्यानंतर माझं नाव फार मोठं झालं, तुला पुरतं माहीत नसेल. खडकांपलीकडे मोबाइलला रेंज नाही. वायरलेसवर बोललं की सगळ्या बोटी ऐकतात आणि देवमासा दिसायच्या आत तिथे जत्रा भरते. म्हणून तुझ्या आजोबांच्या वेळेपासून आपली चादर. गच्चीवरच्या दोरीला तीन आकडे. पिवळी चादर डाव्या आकड्याला लावली की बाहेरच्या खडकाकडे जा, मधल्या आकड्याला लावली की दीपस्तंभासमोर, उजव्याला लावली की नदीच्या तोंडाशी. आणि चादर काढून घेतली की मासा खाली गेला, आता थांबण्यात अर्थ नाही, चला पुढे. एवढीच भाषा. आतल्या पाण्यासाठी आकडाच नव्हता. तिथे आया पिल्लांना घेऊन येतात, पाणी उथळ, वारा नाही. आजोबा म्हणायचे, बाळंतिणीच्या खोलीत कुणी पाहुणे नेतं का? तिथे मासा दिसला तरी दिसला नाही म्हणायचं. कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं, पण आपल्या बोटीने ते पाळलं. तू तुझ्या अहवालात तेच लिहिलंस, फक्त शिक्का मारून, आणि तुझ्या बाबाला ते लागलं. म्हणाला, "जे आम्ही आपणहून करतो ते मला माझी पोरगी कायदा करून शिकवणार?" तू म्हणालीस, "तुम्ही करता बाबा, बाकीचे करत नाहीत." झालं. तेव्हापासून तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलता. तो मला विचारतो, तिकडे पाऊस आहे का. मी ओळखते काय विचारतोय ते.

तर माझं नाव. तुझा बाबा बोटीतल्या पाहुण्यांना गच्चीकडे बोट दाखवून सांगायचा, ती बघा, ती आमची आई, आमचं रडार. आणि चोवीसच्या चोवीस माणसं माझ्याकडे बघून हात हलवायची. मीही हलवायचे. सांगते तुला, या वयात कुणी हात हलवत नाही गं आपल्याकडे बघून. बसायला खुर्ची देतात, औषध घेतलं का विचारतात. पण दोन डझन अनोळखी माणसं पाण्यातून आनंदाने हात हलवतात, याची चटक लागते. मला लागली.

आणि आता जे सांगायचं आहे ते सांगते. मला गेल्या थंडीपासून एक आवाज येतो. दुपारी. पाहुणे बाहेर गेलेले असतात, तुझी आई खोल्या झाडून आडवी होते, समुद्र तव्यासारखा सपाट असतो, आणि माझ्या खिडकीखालून एक मोठा श्वास येतो. फार मोठा, भिजलेला. मी मोजायला लागते. सवयच आहे. एक, दोन, तीन. मागोमाग तो छोटा यायला हवा. तो येत नाही. मी मोजत राहते. शंभर झाले की बोट दुमडते. हाताची पाचही बोटं दुमडून होतात, मूठ मिटते, आणि मग माझ्या लक्षात येतं की मी स्वतःच श्वास घेतलेला नाही. उन्हाळ्यात सगळे देवमासे थंड पाण्याकडे निघून जातात, पोरांनाही माहीत आहे. तरी उन्हाळ्यात आवाज येत होता. तुझी आई म्हणाली, पाण्याच्या टाकीचा पाइप आहे. प्लंबर आणून पाइप बदलला. मी माझी खाट मागच्या खोलीत नेली, तिथे समुद्र दिसतही नाही. पहिल्याच दुपारी पलीकडच्या खोलीत एक पाहुणी बाळाला घेऊन निजली होती. भिंतीतून दोघांचे श्वास ऐकू येत होते, एक मोठा, एक छोटा. मी इतकी रडले, इतकी रडले, की तुझ्या आईला वाटलं डोळ्याचा टाका तुटला. डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "आजी, फुप्फुस उत्तम आहे. तुम्ही श्वास रोखून का धरता?" मी म्हटलं, वाट बघते. त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या दुपारच्या उपयोगाच्या नाहीत.

गेल्या थंडीत एक मेलेलं पिल्लू नदीच्या तोंडाशी लागलं होतं. तुझ्याच खात्याची माणसं येऊन मोजमाप करून गेली. निम्मं माशांनी खाल्लं होतं, म्हणून कागदावर 'कारण समजले नाही' असं लिहिलं. तू मला त्या संध्याकाळी फोन केलास. म्हणालीस, "आजी, तू रोज खिडकीत असतेस, तुला काही दिसलं का?" आणि मी म्हटलं, माझ्या डोळ्याला पाणी येत होतं गं, ऑपरेशन झाल्यापासून, मी नव्हते बसत. तू म्हणालीस, डोळ्यांना जप. माझा शब्द तू असा घेतलास, जसा हातातून घास घ्यावा. भिंगरी, ते खोटं होतं. मला दिसलं होतं. माझ्याइतकं नीट कुणालाच दिसलं नव्हतं.

झालं असं की लागोपाठ चार दिवस काही मिळालं नव्हतं. वारा होता, पाणी गढूळ, चादर दोरीवर लागलीच नाही. त्या हंगामात बाहेरून एक पांढरी मोठी बोट आली होती, त्यांच्याकडे उडणारा कॅमेरा. तो घरघरत आकाशात जायचा आणि त्यांना रोज काहीतरी दिसायचं. चौथ्या दिवशी सकाळी नाश्त्याला पाहुणे कुरकुरत होते, आणि तुझा बाबा त्यांना हसवायला म्हणाला, "काय करणार, आमचं रडार रिटायर झालंय." सगळे हसले. मीही हसले. त्याच्या मनात काही नव्हतं गं, तो असाच बोलतो. पण मला ते असं झोंबलं की हातातला कप खाली ठेवता येईना.

दहाच्या सुमाराला मी खिडकीत बसले होते. ऊन आलं होतं आणि आतल्या पाण्यात, अगदी माझ्या पायाखाली, ती होती. पिल्लू इतकं नवं की पाठीवरचा पंख अजून दुमडलेला. ती स्थिर, आणि ते तिच्या अंगावर चढतंय, घसरतंय. मी बघत बसायला हवं होतं. चहा घेऊन बसायला हवं होतं. पण लांब बाहेर तुझ्या बाबाची बोट इकडे तिकडे फिरताना दिसत होती, आणि मी उठले. पिवळी चादर काढली आणि दोरीला नाही, माझ्याच खिडकीतून खाली सोडली. तशी खूण आम्ही कधी ठरवली नव्हती. पण तो माझा मुलगा आहे, त्याला कळलं. बोट वळली. तो स्वतःहून इंजिन चालू ठेवून त्या पाण्यात आयुष्यात आला नसता. मी बोलावलं म्हणून आला.

आणि आला तोही हळू आला. हे मी शुक्रवारी कुणी विचारलं तरी सांगेन, तो अगदी हळू आला. बोटीतली माणसं हात हलवत होती. मी हात हलवत होते. माझं सगळं तोंड हसत होतं. मग आई खाली गेली आणि पिल्लू वर राहिलं. त्याला काय कळतं इंजिन म्हणजे काय. ते बघायला आलं, बोटीच्या नाकाखाली, अगदी पुढे, जिथे सुकाणूवरून दिसत नाही. मला वरून दिसत होतं. मी ओरडले. तेवढ्या उंचीवरून कोण ऐकतंय? माझ्या हातात चादर होती. आता विचार कर, चाळीस वर्षं आम्ही चादरीने बोलतो. इकडे ये म्हणायची खूण होती, तिकडे जा म्हणायची होती. थांब म्हणायची खूणच नव्हती. कुणाला कधी सुचलीच नाही, लागलीच नाही. मला काही सुचेना, मी चादर ओढून आत घेतली.

चादर आत घेतली म्हणजे काय, ते तुला वर सांगितलंय. मासा गेला, चला पुढे. त्याने बरोबर तेच ऐकलं, लहानपणापासून ऐकत आलाय. त्याने इंजिनाला जोर दिला आणि बोट वळवली.

माणसांना वाटलं लाट आली. एक जण बाकावरून सरकला आणि बाकीचे हसले. मग आई वर आली, बोटीला खेटून, आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. एवढ्या जवळून त्यांना देवमासा कधी दिसला नव्हता. फोटो काढले. जाताना त्यांनी पुन्हा माझ्या खिडकीकडे बघून हात हलवले. मी खाली बसले होते, त्यांना दिसले नसेन.

त्यानंतर ती चार दिवस आतल्या पाण्यात होती. पिल्लाला डोक्यावर धरून वर उचलायची, श्वास घ्यायला. ते घसरायचं. ती खाली जाऊन पुन्हा उचलायची. मी मोजत होते. तिचा श्वास, मग काही नाही. पाचव्या दिवशी सकाळी पाणी रिकामं होतं.

तुझ्या बाबाने त्या आठवड्यात अचानक बोट वर ओढून काढली. रंग द्यायचा आहे म्हणाला, भर हंगामात. बोटीच्या पाण्याखालच्या पंख्याचं एक पातं वाकलं होतं, ते त्याने स्वतःच बदललं, मेकॅनिकला बोलावलं नाही. मी डबा घेऊन गेले. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मला वाटलं, त्याला कळलंच नाही, लाट वाटली असेल, लाकूड वाटलं असेल, राहू दे बापड्याला. त्याला काय वाटलं ते मला माहीत नव्हतं. एका घरात राहतो, एका टेबलावर जेवतो, मीठ दे म्हणतो, पाणी दे म्हणतो. पण तेव्हापासून तो बोटीवरून माझ्या खिडकीकडे बघत नाही. मी गच्चीवर चादर लावत नाही, डोळ्याचं निमित्त सांगते, त्यालाही ते निमित्त बरं पडतं. तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही. तिने ती चादर नीट धुऊन तीन नंबरच्या खोलीत पलंगावर घातली आहे. रोज कुणीतरी तिच्यात निजतं, आणि सकाळी मला सांगतं की झोप छान लागली.

आता बाबाचं भाषण. बोटवाल्यांनी त्यालाच निवडलंय, कारण त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास. पंधरा दिवस झाले, तो रोज सकाळी कोठीच्या खोलीत दार लावून पाठ करतो. भिंत पातळ आहे. म्हणतो, "पाहुणे आले नाहीत तर हे गाव चालणार कसं?" खरं आहे. म्हणतो, "देवमाशावर आमच्याइतकी माया कुणाची?" तेही खरं आहे. मग म्हणतो, "आमच्या बोटीने आजपर्यंत एकाही देवमाशाला साधा ओरखडा…" आणि तिथे थांबतो. रोज तिथेच. खोकतो, पाणी पितो, पहिल्यापासून सुरू करतो. पंधरा दिवसांत एकदाही त्याला ते वाक्य पुरं करता आलेलं नाही. आणि त्या एका वाक्यावर सगळी सभा उभी आहे, हे तुलाही माहीत आहे. तो ते बोलला की तुझ्याकडे त्याला उत्तर नाही.

काल तुझं पत्र वाचून झालं, मिठाचा चहाही झाला, आणि मी काठी घेऊन धक्क्यावर गेले. बोट वर काढलेली होती, तो खाली उताणा पडून शेवाळं खरवडत होता. फक्त पाय दिसत होते. मी त्याच्या पायांशी बोलले. तोंड दिसलं असतं तर जमलं नसतं. म्हटलं, त्या दिवशी मी पाहिलं. खरवडायचा आवाज बंद झाला. मग खालून म्हणाला, "तू चादर आत का घेतलीस?" बघ, वर्षभर तो एवढंच विचारत होता स्वतःला. मी म्हटलं, अरे, थांब म्हणायचं होतं मला. तो बाहेर आला. केसात सगळं शेवाळं. जमिनीवर बसला, पाय पसरून, तू लहानपणी रुसून बसायचीस ना तसा. म्हणाला, "आई, मी स्वतःला सांगत राहिलो, मला लाकूड वाटलं." मग म्हणाला, "नव्हतं वाटलं." मी त्याच्या डोक्यातलं शेवाळं काढत बसले. एवढा मोठा माणूस, पन्नाशीचा, पण डोकं पुढे करून बसला. मग त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, "तू लिही तिला. माझी जीभ नाही उचलणार." मी म्हटलं, बोट जाईल कदाचित, परवाना जाईल. तो म्हणाला, "लिही." एवढंच.

म्हणून हे पत्र, भिंगरी. हे तुझ्या एकटीसाठी नाही. शुक्रवारी सभा सुरू झाली की बाबाचं नाव पुकारायच्या आधी तू उठ आणि हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाच, म्हणजे त्याला ते वाक्य बोलावं लागणार नाही. मिठाच्या चहापासून वाच, गाळू नकोस काही. माझ्या चुका सुधारू नकोस. माझी लाज वाटेल तिथेही थांबू नकोस, विशेषतः मी हात हलवत होते ते वाच. लोकांनी तुझ्यावर आरडाओरडा केला तर करू दे, तुझ्या बाबावर केला तर मी उभी राहीन. आतलं पाणी बंद करा, बाहेरचं उघडं ठेवा, आणि ज्याला पिल्लं बघायची असतील त्याला वर पाठवा, मी खुर्च्या मांडून ठेवीन. हे माझं म्हणणं तुझ्या साहेबांनी लिहून घ्यावं. तुझा बाबा माझ्या शेजारी पहिल्या रांगेत बसणार आहे, तसं त्याने कबूल केलंय. वाचताना तुला त्याच्याकडे बघणं जड जाईल, मला माहीत आहे. तरी वाचून झाल्यावर बघ. तू खाली उतरून आलीस तर तो जागा करून देईल.

तुझीच,
शुक्रवारपुरती साक्षीदार, एरवी आजी